शर्यतीनंतरच्या आठ वर्षांचा खर्च कोणाचा?

शर्यतीचा ग्रेहाउंड कुत्रा साधारण सव्वा वर्षाचा झाला की ट्रॅकवर उतरतो आणि चार वर्षांचा होईपर्यंत त्याचं धावणं बहुधा संपलेलं असतं. पाय मोडला तर त्याआधीच. नीट सांभाळला तर तो बारा वर्षं सहज जगतो. म्हणजे ज्या कामासाठी त्याला जन्माला घातलं, त्यात आयुष्याचा पाव हिस्साही जात नाही आणि पुढची आठेक वर्षं त्याने कुठे आणि कोणाच्या पैशाने काढायची, हा प्रश्न उरतो. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका इथे या शर्यतींवरून बरीच वर्षं वाद चालला आहे. बंदी हवी की नको यावर घसे कोरडे होतात, पण या आठ वर्षांच्या हिशेबाला फार थोडे लोक हात घालतात.

माझं म्हणणं असं की कुत्रा निवृत्त होताना त्याची जबाबदारी शोधायला निघालं तर उशीर झालेला असतो. ती पिल्लाच्या जन्माची नोंद होतानाच आणि रोख रकमेत ठरली पाहिजे. ज्याला ती रक्कम जड वाटते त्याने मादी फळवूच नये.

हा धंदा कशावर उभा आहे ते आधी पाहू. १९१९ च्या सुमारास ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथे रुळावरून पळणाऱ्या यांत्रिक सशाचा गोल ट्रॅक उभारला. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमध्ये अशी पहिली शर्यत झाली. जिवंत सशाची गरज उरली नाही म्हणून त्या वेळी ही मोठी सुधारणा मानली गेली, आणि एका अर्थाने ती होतीच. पण खऱ्या सशामागे कुत्रे सोडणं हंगामात, मोकळ्या रानात आणि अधूनमधून चालायचं. यांत्रिक ससा वर्षभर, रात्री दिव्यांखाली, दर पंधरा मिनिटांनी पळवता येतो. पैज लावणाऱ्यालाही नेमकी पंधरा मिनिटांनी पुढची शर्यत हवी असते. ब्रिटनमध्ये एका शर्यतीत सहा कुत्रे धावतात, ऑस्ट्रेलियात बहुधा आठ. संध्याकाळी बारा शर्यती धरल्या तर एका ट्रॅकवर एका बैठकीला सत्तरच्या वर कुत्रे लागतात, आणि तेही साधारण सारख्या वेगाचे. तसे नसले तर पैजेत रंगत येत नाही. हा पुरवठा अखंड ठेवायचा तर लागतात त्याहून कितीतरी जास्त पिल्लं जन्माला घालावी लागतात.

(जिवंत आमिष गेलं असं समजणाऱ्यांचा भ्रम फेब्रुवारी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीने दूर केला. सरावाच्या ट्रॅकवर यांत्रिक हाताला जिवंत ससे, डुकराची पिल्लं आणि पॉसम हे छोटे प्राणी बांधल्याचं छुप्या कॅमेऱ्यांनी टिपलं होतं. पाठलागाची ओढ वाढते, ही त्यामागची समजूत.)

ग्रेहाउंडच्या एका वेतात सहा-आठ पिल्लं असतात. त्यातली काही सशामागे धावतच नाहीत, काही शेजारच्या कुत्र्याशी खेळायला वळतात, काही नुसतीच संथ असतात. धंद्याच्या भाषेत ही सगळी घट. किती घट, हे ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर आलं. एबीसीच्या गौप्यस्फोटानंतर मायकल मॅकह्यू यांच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये अहवाल दिला. बारा वर्षांत त्या राज्यात ९७,७८३ ग्रेहाउंड जन्माला घातले गेले आणि त्यांपैकी ४८,८९१ ते ६८,४४८ कुत्रे पुरेसे वेगवान नाहीत किंवा शर्यतीला लायक नाहीत म्हणून मारले गेले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कमीत कमी आकडा धरला तरी दोनातला एक. आयर्लंडमध्ये जून २०१९ मध्ये आरटीई या तिथल्या वाहिनीने दाखवलेल्या कार्यक्रमात, दरवर्षी सुमारे ६,००० ग्रेहाउंड वेग कमी पडतो म्हणून मारले जातात, असा अंदाज पुढे आला. हा अंदाज त्या क्षेत्राच्या मंडळाने स्वतःच करवून घेतलेल्या अहवालातला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मंडळाला ठाऊक होतं. सामान्य माणसाला ते टीव्हीवरून कळलं.

दोन्ही ठिकाणी दोष मोजणी कुठून सुरू होते यात होता. ब्रिटनमधल्या जीबीजीबी या नियामक मंडळाचे आकडे शर्यतीसाठी नोंदणी झालेल्या कुत्र्यापासून सुरू होतात. निवृत्त झालेल्यांपैकी इतके टक्के घरी गेले, असं ते सांगतं आणि आकडा चांगलाच असतो. पण ब्रिटनच्या ट्रॅकवर धावणारे सुमारे ८५ टक्के कुत्रे जन्मतात आयर्लंडमध्ये. तिथे जन्मलेलं जे पिल्लू चाचणीत मागे पडलं आणि समुद्र ओलांडूनच गेलं नाही, ते या टक्केवारीत येणारच कसं? आयर्लंडने २०१९ च्या कायद्यानंतर कुत्र्याचा माग ठेवणारी संगणकीय नोंद सुरू केली आहे आणि ती योग्य दिशा आहे. पण अशी नोंद विश्वासार्ह व्हायची तर तिच्यात तीन टप्पे लागतात. मादी फळवल्यापासून ठरावीक दिवसांत कळवणं, वेतातलं प्रत्येक पिल्लू, मेलेलं धरून, मोजणं आणि बारा आठवड्यांच्या आत मायक्रोचिप. त्यापुढे मालक बदलला, देश बदलला, कुत्रा मेला, तर प्रत्येक वेळी नोंद, आणि मेल्यास पशुवैद्याच्या सहीचं कारण. ओळखीसाठी केलेलं कानातलं गोंदण यासाठी पुरत नाही. २००६ मध्ये इंग्लंडच्या सीहॅम गावात एक माणूस पंधरा वर्षं निवृत्त ग्रेहाउंड बोल्ट गनने मारून आपल्या जमिनीत पुरत होता, हे एका वृत्तपत्राने उघड केलं. अंदाज दहा हजार कुत्र्यांचा होता. त्या कुत्र्यांच्या कानातही गोंदण असायचंच. विचारणारं कोणी नव्हतं.

आता ट्रॅककडे येऊ. दुखापती तिथे होतात आणि त्यांचं कारण गूढ नाही.

ग्रेहाउंड सेकंदाला सोळा-सतरा मीटर धावतो. गोल ट्रॅकच्या वळणावर माणूस धावत असेल तर तो वेग कमी करतो, पाय जमिनीवर जरा जास्त वेळ टेकवतो आणि त्यातून पायावर येणारा भार आवाक्यात ठेवतो. ग्रेहाउंड तसं करत नाही. २००५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मोजून दाखवलं की तो वळणावर वेग सोडत नाही, पाय टेकवण्याचा वेळही बदलत नाही, त्यामुळे पायावरचा भार सुमारे ६५ टक्क्यांनी वाढतो. बहुतेक ट्रॅकवर कुत्रे घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, म्हणजे उजवी बाजू कायम बाहेरची. म्हणूनच मागच्या उजव्या पायाच्या घोट्यातलं सेंट्रल टार्सल नावाचं छोटं हाड सर्वांत जास्त मोडतं. एकाच बाजूला तोच भार पुन्हा पुन्हा पडून तिथलं हाड घट्ट होत जातं, त्यात सूक्ष्म भेगा पडतात, आणि विश्रांती न देता धावडवलं तर एका वळणावर ते फुटतं. बघणाऱ्याला ते अपघात वाटतं, पण त्याची तयारी आधीच्या कित्येक आठवड्यांत झालेली असते. मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस स्नायू फाटणं आणि पुढच्या पंजाची लांब हाडं मोडणं या पुढच्या नेहमीच्या दुखापती.

दुसरं कारण म्हणजे पहिलं वळण. सहा किंवा आठ कुत्रे पेट्यांतून एकदम सुटतात आणि आतल्या कडेने पळणाऱ्या सशावर डोळा ठेवून सगळेच आत झुकतात. वळणाच्या तोंडाशी दाटी होते, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात अडकतो आणि पूर्ण वेगात पडझड होते. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने न्यू साउथ वेल्ससाठी केलेल्या अभ्यासाने उपाय स्पष्ट सांगितले. ट्रॅक सरळ करा. ते जमत नसेल तर वळणाची त्रिज्या वाढवा आणि सरळ भाग व वळण यांच्यामध्ये हळूहळू वळत जाणारा टप्पा ठेवा. आठऐवजी सहा कुत्रे सोडा. यांत्रिक ससा धरणारा दांडा ट्रॅकच्या मध्याकडे लांब काढा, म्हणजे कुत्रे आतल्या कडेला गर्दी करणार नाहीत. यातला दांड्याचा आणि सहा कुत्र्यांचा उपाय उद्या सकाळी करता येईल इतका स्वस्त आहे. तरीही आठ कुत्र्यांची शर्यत टिकून राहिली, कारण कुत्रे जितके जास्त तितके पैजेचे प्रकार जास्त. वाळूचंही तेच. ती किती ओली ठेवायची, दोन शर्यतींच्या मध्ये किती खोल कुळवायची, आतल्या कडेला दाबून घट्ट झालेला पट्टा मोकळा कधी करायचा, हे रोजच्या रोज मोजून लिहिण्याचं काम आहे. कोरडी वाळू पायाखालून सरकते, जास्त दाबलेली हाडाला धक्का देते. मोजणारा माणूस ठेवला नाही की हे काम अंदाजावर जातं.

जीबीजीबीच्या २०२३ च्या आकड्यांत साडेतीन लाखांहून जास्त धावा, ४,२३८ दुखापती आणि ट्रॅकवरचे १०९ मृत्यू आहेत. शंभर धावांमागे दुखापत साधारण १.२, म्हणजे नगण्य, असं सांगितलं जातं. पण धावतो तो कुत्रा. धावा आपोआप होत नाहीत. एका कुत्र्याने वर्षात चाळीस वेळा धावायचं आणि दर वेळी धोका १.२ टक्के धरायचा, तर वर्षभरात निदान एक दुखापत होण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास जाते. यात किरकोळ दुखापतीही आल्या आणि प्रत्येक कुत्र्याचा धोका सारखा नसतो, हे मान्य. तरी तीनातला एक आणि शंभरातला एक यांत जो फरक आहे तो मालकाला, ट्रेनरला आणि प्रेक्षकाला कळला पाहिजे. आकडे दर धावेमागे द्यायचे की दर कुत्र्यामागे, ही निवड निरागस नसते.

याच आकड्यांच्या वहीत एक ओळ मला सर्वांत बोलकी वाटते. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये १७५ ग्रेहाउंड 'आर्थिक कारणास्तव' मारले गेले. म्हणजे पाय बरा होण्याजोगा होता, पण खर्च कोणी करायला तयार नव्हतं. त्या वर्षाच्या शेवटी घोट्याच्या मोडतोडीच्या उपचारासाठी मदत देणारी योजना सुरू झाली. २०२२ मध्ये हा आकडा ५ वर आला. शस्त्रक्रियेचं तंत्र चार वर्षांत बदललं नव्हतं. स्क्रू तेच, हाड तेच, सर्जन तेच. बिल कोण भरणार हे आधी ठरलं, एवढाच फरक. ग्रेहाउंडच्या कल्याणावर कितीही परिषदा भरवा, याहून साफ पुरावा मिळणार नाही.

मग उरलेल्या आठ वर्षांच्या बिलात काय काय येतं? ते अंदाजाने बोलण्याची गरज नाही, कारण शर्यतीतून बाहेर पडणाऱ्या कुत्र्याच्या तक्रारी ठरलेल्या आहेत.

पहिले दात. केनेलमधल्या, म्हणजे कुत्रे ठेवण्याच्या जागेतल्या, मऊ, ओल्या खाण्यामुळे आणि ब्रश कधीच न लागल्यामुळे तीन वर्षांच्या कुत्र्याच्या हिरड्या म्हाताऱ्या कुत्र्यासारख्या झालेल्या असतात. भूल देऊन सफाई आणि बहुतेक वेळा काही दात काढणं आलंच. भूल देणाऱ्याला ग्रेहाउंड ओळखीचा असावा लागतो. अंगावर चरबी जवळजवळ नाही आणि यकृत काही औषधं सावकाश मोडतं, त्यामुळे थायोपेंटालसारख्या जुन्या भुलीतून तो तासन्‌तास बाहेर येत नाही. नसबंदीतही एक खास धोका असतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासात सुमारे चारातल्या एका निवृत्त ग्रेहाउंडला शस्त्रक्रियेनंतर ३६ ते ४८ तासांनी रक्तस्राव झालेला दिसला. म्हणजे टाके व्यवस्थित, कुत्रा घरी, आणि तिसऱ्या दिवशी पोट व मांड्या काळ्यानिळ्या. रक्तस्राव रोखणारं अमिनोकॅप्रॉइक ॲसिड शस्त्रक्रियेच्या दिवसापासून काही दिवस दिलं तर हे बरंच टळतं, पण त्यासाठी डॉक्टरला ते आधी ठाऊक हवं.

रक्ताच्या तपासणीतही गोंधळ होतो. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण ५० ते ६५ टक्के असतं, इतर कुत्र्यांपेक्षा बरंच वर. प्लेटलेट कमी, थायरॉइडचं टी-४ हे संप्रेरक कमी, मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन थोडं जास्त. प्रयोगशाळेच्या छापील तक्त्यावर विसंबून किती निवृत्त ग्रेहाउंडांना आयुष्यभर थायरॉइडच्या गोळ्या चालू झाल्या असतील कोणास ठाऊक. उलट ४० टक्के तांबड्या पेशी तक्त्यात बसतात, पण ग्रेहाउंडसाठी तो रक्तक्षयाचा इशारा असू शकतो.

शिवाय जंत. अमेरिकेतल्या शर्यतीच्या केनेलमधून बाहेर पडलेल्या कुत्र्यांत हुकवर्मची अशी जात सापडली की नेहमीच्या तिन्ही प्रकारच्या जंतनाशकांना ती दाद देत नाही. वाळूचं आवार, एकत्र ठेवलेले कुत्रे, ठरावीक दिवसांनी सगळ्यांना सरसकट औषध, आणि विष्ठा वेळेवर न उचलणं. जंतांना औषध पचवायला शिकवायचं तर याहून चांगली शाळा नाही. असा कुत्रा घरी आला की एका डोसाने भागत नाही. औषधांची जोडी, दर महिन्याला विष्ठेची तपासणी आणि अंगणातली विष्ठा रोज उचलणं, हे कित्येक महिने चालतं. तळव्यातलं कुरूप हेही या जातीचं खास दुखणं. कडक फरशीवर कुत्रा लंगडतो आणि गवतावर नीट चालतो, तर आधी पंजा उलटा करून पाहावा, मग एक्स-रे. वय झाल्यावर हाडाचा कर्करोग या कुत्र्यांत बराच आढळतो, म्हणून म्हाताऱ्या ग्रेहाउंडच्या लंगडण्याकडे 'मुरगळलं असेल' म्हणून दुर्लक्ष करून चालत नाही.

यानंतर माणसाच्या घरात राहायला शिकवणं. ज्याने दिवसातले वीस-वीस तास केनेलच्या जाळीमागे काढले त्याला जिना म्हणजे काय ठाऊक नसतं. काचेचं दार दिसत नाही, त्याच्यावर तो जाऊन आदळतो, म्हणून पहिल्या दिवशी काचेवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला कागदी पट्ट्या चिकटवायच्या. झोपेत कोणी हात लावला तर तो दचकून चावू शकतो, कारण आजवर झोपताना त्याला कोणी स्पर्शच केलेला नाही. लांबून हाक मारून उठवायचं आणि लहान मुलांना त्याच्या अंथरुणावर जाऊ द्यायचं नाही. अंथरूण जाड हवं, नाहीतर कोपरांवर घट्टे आणि मग जखमा होतात. ग्रेहाउंडची मान डोक्याहून जाड असते, साधा पट्टा मागे सरकला की तो डोकं काढून मोकळा होतो. त्यासाठी ओढ लागल्यावर आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा लागतो, एवढाच आवळणारा की कानांमागे अडकावा आणि गळा दाबू नये. कुंपण नसलेल्या जागी त्याला मोकळं सोडायचं नाही, तो कितीही आज्ञाधारक वाटला तरी. मांजर असलेल्या घरात त्याला देण्याआधी मुसकं आणि पट्टा घालून त्याची चाचणी घ्यावी लागते. मांजराकडे पाहून मान वळवतो का, हाकेला नजर परत येते का, की अंग ताठ करून एकटक बघतो आणि दात कडकडवतो? शेवटचा प्रकार असेल तर ते घर त्याच्यासाठी नाही, आणि हे स्पष्ट सांगायची हिंमत दत्तक देणाऱ्याकडे हवी. वजन शर्यतीच्या वजनापेक्षा दोनेक किलो वाढू द्यायचं, शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसत राहिल्या पाहिजेत.

हे सगळं आज कोण करतं? बहुतांशी स्वयंसेवी गट. केनेलचं भाडं, दातांचं बिल, मांजर-चाचणी, घर पाहणी, परत आलेल्या कुत्र्याची पुन्हा सोय. भूतदयेने चाललेलं हे काम प्रत्यक्षात सट्टेबाजीच्या धंद्याला मिळालेलं अनुदान आहे, आणि ते देणाऱ्यांना त्यात मतही नाही.

ब्रिटनने २०२० मध्ये निवृत्ती-ठेव सुरू केली. शर्यतीसाठी नोंद होताना कुत्र्यामागे सुरुवातीला ४०० पौंड जमा, निम्मे मालकाचे आणि निम्मे मंडळाचे, आणि निवृत्तीनंतर ही रक्कम घर शोधून देणाऱ्या केंद्राला मिळते. कल्पना बरोबर आहे, पण रक्कम तोकडी आणि वेळ चुकीची. वर सांगितलेली यादी समोर ठेवा. नसबंदी, दात, लस, जंत आणि घर मिळेपर्यंतचा केनेलमधला मुक्काम, यात एखादा दात जास्त काढावा लागला किंवा घर मिळायला तीन महिने लागले की ठेव संपते. आणि जो कुत्रा शर्यतीच्या नोंदणीपर्यंत पोचलाच नाही त्याच्या नावावर दमडीही नसते. ठेव वेताच्या नोंदणीला जोडली तर प्रत्येक पिल्लामागे ती भरावी लागेल, संथ पिल्लामागेही. मग आठ पिल्लांतून दोन वेगवान निवडण्याचा जुगार पैदास करणाऱ्याला महाग पडेल, आणि तसा तो पडायलाच हवा.

पैसे कुठून येणार, या प्रश्नाचं उत्तरही फार लांब नाही. ब्रिटनमध्ये घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजांतून कायद्याने कर वसूल होतो, पैजा घेणाऱ्या बुकमेकरच्या ढोबळ नफ्याच्या १० टक्के. ग्रेहाउंडच्या बाबतीत बुकमेकर उलाढालीच्या ०.६ टक्के रक्कम देतात, तीही स्वखुशीने. ज्याला द्यायचं नाही तो देत नाही. आयर्लंडमध्ये घोडे आणि ग्रेहाउंड यांच्यासाठीच्या सरकारी निधीतला २० टक्के वाटा ग्रेहाउंडांच्या क्षेत्राला जातो, म्हणजे करदाता आधीच पैसे भरतो आहे. त्याला निदान एवढं विचारता आलं पाहिजे की यातले किती बक्षिसांवर गेले आणि किती निवृत्त कुत्र्यांवर. वेस्ट व्हर्जिनियात, जिथे अमेरिकेतले शेवटचे दोन ट्रॅक उरले, बक्षिसांना जुगाराच्या यंत्रांच्या कमाईतून आधार दिला जातो. जो खेळ स्वतःच्या प्रेक्षकांवर बक्षीसही उभं करू शकत नाही, तो निवृत्तांचा भार पेलेल हे मानायला मी तयार नाही.

यावर ट्रेनर मंडळींचं एक म्हणणं असतं आणि ते उडवून लावू नये. ट्रेनर पहाटे उठतो, पंजे तपासतो, मालिश करतो, कुत्र्याच्या शेपटीच्या हालचालीवरून त्याचा मूड ओळखतो; त्याचं कुत्र्यांवर प्रेम नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. धावल्यावर अंगाचं तापमान ४१ अंशांच्या वर जातं, तेव्हा पाणी ओतून, वारा घालून, चालवत ठेवून ट्रेनरच कुत्र्याला सांभाळतात. दुसऱ्या दिवशी लघवी गडद तपकिरी दिसली तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येतो आहे, हे पुस्तक न वाचता ओळखणारे ट्रेनर आहेत. पण ज्याच्याकडे चाळीस कुत्रे आहेत आणि ज्याची कमाई धावणाऱ्या कुत्र्यावर आहे, त्याच्या केनेलमधली न धावणाऱ्या कुत्र्याची जागा हा रोजचा तोटा असतो. प्रेम असूनही तो आठ वर्षं तोटा सोसू शकत नाही. म्हणून ही जबाबदारी माणसाच्या चांगुलपणावर सोपवणं हेच मुळात चुकीचं आहे. लहान ट्रेनर ठेवीच्या रकमेने बुडेल, ही भीतीही खरी आहे. तो बुडू नये असं वाटत असेल तर बुकमेकरकडून सक्तीने घेतलेल्या करातून ठेवीचा मोठा वाटा भरावा. सर्वांत जास्त कमावणारा सर्वांत कमी देतो, ही आजची उलटी रचना आहे.

बंदीने प्रश्न मिटतो असं मानणाऱ्यांनी चीनमधल्या मकावचा ट्रॅक आठवावा. तो जुलै २०१८ मध्ये बंद झाला. दोन वर्षं आधी सूचना मिळालेली असूनही पाचशेहून जास्त कुत्रे त्याच आवारात राहिले आणि शेवटी सरकारी खात्याला ते ताब्यात घ्यावे लागले. त्यांच्यासाठी देशोदेशी घरं शोधली ती प्राणिमित्रांनी. न्यू साउथ वेल्समध्ये तेव्हाचे प्रीमियर (राज्याचे सरकारप्रमुख) माइक बेअर्ड यांनी जुलै २०१६ मध्ये बंदी जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये ती मागे घेतली. मधल्या तीन महिन्यांत कुत्र्यांचं काय करायचं हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. फ्लोरिडाचं उदाहरण बरं. नोव्हेंबर २०१८ मध्ये ६९ टक्के मतदारांनी बंदीच्या बाजूने कौल दिला, मुदत २०२० च्या अखेरीपर्यंत होती. ट्रॅक एकेक करून बंद होत गेले, कुत्रे टप्प्याटप्प्याने बाहेर आले आणि दत्तक देणाऱ्या गटांना श्वास घ्यायला वेळ मिळाला. न्यूझीलंडने १० डिसेंबर २०२४ रोजी शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर करताना शेवटची तारीख १ ऑगस्ट २०२६ ठेवली, आणि शर्यतीचे कुत्रे विनाकारण मारण्याला मनाई करणारा कायदा तातडीने केला. हा क्रम शहाणपणाचा होता, कारण बंदीची बातमी आणि बंदीची तारीख यांच्या मधला काळ कुत्र्यांसाठी सर्वांत धोक्याचा असतो.

अशा कायद्यात मला आणखी एक कलम हवं आहे, आणि ते साध्या बेरजेतून येतं. ग्रेहाउंड मादी साधारण ६३ दिवसांनी विते. पिल्लू ट्रॅकवर उतरायला पंधरा-सोळा महिने. म्हणजे फळवण्यापासून पहिल्या शर्यतीपर्यंत दीड वर्ष. बंदीला वीस महिने असताना फळवलेल्या मादीच्या पिल्लांना धावायला जेमतेम दोन महिने मिळतील, आणि त्यानंतर फळवलेल्यांना तेही नाही. ही पिल्लं फक्त घर शोधणाऱ्यांच्या रांगेत भर घालायला जन्मतात. म्हणून बंदी जाहीर होईल त्याच दिवसापासून नवीन फळवणीची नोंद थांबावी, आधीच गाभण असलेल्या माद्यांची यादी पशुवैद्याच्या तपासणीसह तीस दिवसांत घ्यावी, त्या वेतांतल्या प्रत्येक पिल्लामागची ठेव जन्मल्यावर आठवड्याभरात भरून घ्यावी, आणि ट्रॅकची जमीन विकून किंवा भाडेपट्टा संपवून मिळणाऱ्या रकमेवर कुत्र्यांच्या निवृत्तीचा पहिला हक्क असावा, इतर देणेकऱ्यांच्या आधी.